ड्रॅगन उडतो हे मान्य, पण किती वेगानं? खेळातले प्राणी आणि खरं भौतिकशास्त्र

गुहेतला_दिवा (धागाकर्ता)

मी मित्रमंडळींसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतो, म्हणजे डीएम असतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डीएम गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत वागतात, आणि एखादी गोष्ट जमली की नाही ते फासे ठरवतात. प्राण्यांची जाडजूड पुस्तकं असतात आणि त्यांत प्रत्येकाचा आकार, वेग, ताकद आकड्यांत दिलेली असते.

मी सध्या हे आकडे तपासतोय. पाचव्या आवृत्तीतला प्रौढ लाल ड्रॅगन घ्या. त्याचा उडण्याचा वेग एका राउंडला ८० फूट. राउंड म्हणजे लढाईतली एक फेरी, ६ सेकंदांची. म्हणजे सेकंदाला ४ मीटर, ताशी साधारण १५ किलोमीटर. सगळी ताकद लावून दुप्पट गेला तरी ताशी २९. रस्त्यावरचा सायकलवाला त्याच्या पुढे जाईल.

आता खऱ्या जगात काय होतं ते बघू. पंख जितके मोठे आणि वेग जितका जास्त, तितकं वजन हवेत तोलता येतं. तोलण्याचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे पंखाच्या दर चौरस मीटरवर किती वजन आहे, त्याच्या वर्गमुळावर किमान वेग ठरतो. त्याच्या खाली गेलात की पडलात.

आजवर उडालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झालकोॲटलस. १९७१ मध्ये डग्लस लॉसन यांना टेक्ससच्या बिग बेंड भागात त्याची हाडं सापडली. पंखांचा पसारा १० मीटरच्या आसपास, वजनाचे आजचे बरेचसे अंदाज २०० ते २५० किलोचे. पंखांचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर धरलं तर किमान वेग सेकंदाला १६ मीटर येतो, ताशी जवळपास ६० किलोमीटर.

हाच प्राणी लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट करा. पसारा २० मीटर, क्षेत्रफळ चौपट, वजन आठपट, म्हणजे २ टन. माझा ड्रॅगन मी इतकाच धरतो. दर चौरस मीटरवरचं वजन दुप्पट झालं, म्हणून किमान वेग ताशी ८३ किलोमीटर. एका राउंडमध्ये हा १४० मीटर जातोच, त्याला तेवढं जावंच लागतं. डोक्यावर एका जागी थांबून पंख फडफडवत आग ओकणारा ड्रॅगन यात बसत नाही.

वळायचं म्हटलं तरी तेच. ४५ अंश कलून वळताना किमान वेग आणखी वाढतो आणि वळणाची त्रिज्या ७५ मीटरच्या आसपास येते. नुसतं उलट तोंड करायला ८-९ सेकंद. झेप, दूर जाणं, वळण आणि पुन्हा झेप हे सगळं धरलं तर दोन हल्ल्यांमध्ये तीन राउंड सहज जातात.

इथे मला फार आनंद झाला. पुस्तकात ड्रॅगनची आग एकदा वापरली की पुन्हा 'भरायला' दर राउंडला फासा टाकतात, ५ किंवा ६ आला तर भरली. सरासरी तीन राउंड! म्हणजे खरा उडणारा ड्रॅगन परत येईपर्यंत त्याची आगही तयार असते. लढाई आपोआप वेगळी होते. एक झेप, आग, मग तीन राउंड शांतता. त्या शांततेत पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, काय करायचं, आडोसा कुठे शोधायचा, जखमींना कोणी उचलायचं, हाच खेळ.

तुम्ही कुठले प्राणी असे तपासले आहेत?

उंबरठा

मी ठाम विरोधात आहे आणि त्यामागे अनुभव आहे. टेबलावर एकानं भौतिकशास्त्र काढलं की दुसरा काढतो, आणि तासभर खेळ थांबतो. शेतकऱ्यांच्या रांगेची ती प्रसिद्ध युक्ती आठवा. हजारो शेतकरी ओळीनं उभे करायचे, प्रत्येकानं आपल्या पाळीत काठी पुढच्याला द्यायची. नियमानुसार सगळं एकाच राउंडमध्ये होतं, म्हणजे काठी काही किलोमीटर ६ सेकंदांत गेली. मग खेळाडू म्हणतो, आता या वेगाचं नुकसान मोजा! नियम पाहिजे तिथे नियम आणि फायद्याचं असेल तिथे न्यूटन. २०२४ च्या डीएम मार्गदर्शक पुस्तकात तर स्पष्टच लिहिलंय की खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. ते लिहावं लागलं यातच सगळं आलं.

गुहेतला_दिवा

उंबरठा, त्या युक्तीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण मी जे म्हणतोय ते खेळाआधीच्या तयारीबद्दल आहे. ऐन लढाईत कुणी सूत्र मांडून निकाल बदलायचा नाही, हा माझ्या टेबलाचाही नियम आहे.

माझी पद्धत अशी. प्रत्येक प्राण्याला एकच जादू द्यायची. ड्रॅगनचे स्नायू आणि हाडं आपल्या ओळखीच्या कुठल्याही प्राण्यापेक्षा कैक पटींनी बळकट आहेत, ही त्याची जादू. २ टनांच्या शरीराला पंख मारत हवेत राहायला लागणारी शक्ती खऱ्या स्नायूंतून निघणार नाही, म्हणून ती मान्य करावीच लागते. पण एकदा ती मान्य केली की हवा, वजन, वेग, भूक हे सगळं खरं. मग त्या प्राण्याला सवयी येतात, आणि खेळाडूंना त्या सवयी हेरता येतात. पूर्वीच्या ३.५ आवृत्तीत याची जाण होती. उडण्याच्या चपळाईच्या पाच पायऱ्या होत्या, खालच्या पायऱ्यांवरच्या प्राण्यांना हवेत राहायला किमान पुढचा वेग ठेवावा लागे, आणि ड्रॅगन मोठा होत जाई तशी त्याची पायरी घसरत जाई. पाचव्या आवृत्तीत सोपेपणासाठी ते गेलं, याचं मला वाईट वाटतं.

काँक्रीट_आणि_किमया

मी स्थापत्य अभियंता. माझा आवडता प्राणी जिलेटिनस क्यूब, म्हणजे बोळातून सरकत येणारा पारदर्शक चौकोनी गोळा. १० फूट बाय १० फूट बाय १० फूट. घनफळ २८ घनमीटर. पाण्याइतकीच घनता धरली तरी वजन २८ टन. खालच्या फरशीवर दर चौरस मीटरला ३ टनांहून थोडा जास्त भार.

आपल्याकडे राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं-सामान यांचा भार आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण २०० किलो. क्यूबचा भार त्याच्या पंधरापट. लाकडी तुळयांच्या वरच्या मजल्यावर हा प्राणी ठेवणारा डीएम दिसला की मला राहवत नाही. क्यूब तळघरातच, थेट जमिनीवर, दगडी फरशीवर. आणि खेळाडूंनी त्याला युक्तीनं लाकडी पुलावर आणला, तर पूल मोडलाच पाहिजे, त्यासाठी फासा टाकायची गरज नाही.

शिवाय त्याचा आकार. ३ मीटर उंचीची मऊ जेली स्वतःच्याच वजनानं खाली फुगून पसरेल. चारही कोपरे काटकोनात उभे राहायचे तर ती कडक रबरासारखी हवी. मी यावर उपाय असा केला की क्यूब चौकोनी दिसतो तो बोळ चौकोनी आहे म्हणून. दोन्हीकडच्या भिंतींनी त्याला धरून ठेवलंय. मोकळ्या दालनात आला की तो पसरतो, उंची गुडघ्यापर्यंत येते आणि व्याप खूप वाढतो. माझ्या खेळाडूंना वाटलं होतं, मोठ्या दालनात गेलो की सुटलो.

जायंट लोकांबद्दल. स्टॉर्म जायंट २६ फूट, म्हणजे जवळजवळ ८ मीटर. ६ फुटी माणसाच्या ४.३ पट. वजन ४.३ चा घन, ८१ पट, म्हणजे ६ टन. मांडीच्या हाडाचा छेद मात्र ४.३ चा वर्ग, सुमारे १९ पट. तर हाडावरचा ताण माणसाच्या ४.३ पट. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात हेच मांडलंय, मोठ्या प्राण्याचं हाड प्रमाणाबाहेर जाड करून दाखवणारं चित्रही दिलंय. आपलं मांडीचं हाड शांत उभं राहताना बरंच राखीव बळ ठेवून असतं, त्यामुळे हा जायंट उभा राहील, चालेलही. पण पळताना, उडी मारताना ते राखीव बळ संपतं. ६ टनांचा हत्ती बघा, पाय खांबासारखे सरळ, आणि तो उडी मारत नाही.

खऱ्या माणसाचं उदाहरण हवं तर रॉबर्ट वॅडलो. अमेरिकेतला, १९१८ ते १९४०, उंची २ मीटर ७२ सेंटिमीटर, वजन २०० किलोच्या घरात. चालायला पायाला आधाराच्या पट्ट्या लागायच्या आणि त्या पट्टीनं झालेल्या फोडात संसर्ग होऊन तो २२ व्या वर्षी गेला. पायांत संवेदना कमी असल्यानं फोड कळलासुद्धा नाही. हे वाचल्यापासून माझे जायंट मी वेगळ्या नजरेनं रंगवतो. त्यांचे सांधे दुखतात, ते उतारावर जपून पाय टाकतात, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांना बसायला कडे लागतात.

आणि हो, पायात दोर अडकवून पाडा त्याला. ८ मीटरवरून डोकं जमिनीवर येतं तेव्हा त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर असतो. पुस्तकात आडवं पडण्याला काहीच नुकसान नाही. माझ्याकडे आहे.

उंबरठा

पुस्तकात स्टॉर्म जायंटचा चालण्याचा वेग ५० फूट आहे, माणसाचा ३०. तो तरी बरोबर आहे का?

काँक्रीट_आणि_किमया

बराच जवळ आहे. चालणं म्हणजे पाय लंबकासारखा झुलवणं. सहज चालण्याचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ४.३ चं वर्गमूळ २.१, म्हणजे ६०-६२ फूट यायला हवा. पावलं मात्र निम्म्या गतीनं पडतील. तो तुम्हाला संथ दिसेल आणि तरी तुमच्या पुढे असेल. वर्णन करताना हे जरूर वापरा.

शेवाळ

मी प्राणिशास्त्र शिकवते. माझा विषय जायंट स्पायडर, घोड्याएवढा कोळी. लोक 'कीटकांना मोठं होता येत नाही, ऑक्सिजन पुरत नाही' म्हणून सोडून देतात, पण कोळ्याची गोष्ट त्याहून रंजक आहे.

कोळ्याला पायाचे मुख्य सांधे आत ओढायला स्नायू असतात, सरळ करायला नसतात. तो शरीरातला द्रव दाबून पायात भरतो आणि पाय ताठ होतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आखडतात ते याचमुळे, दाब गेला. आता हे घोड्याएवढ्या शरीरात आणा. धावताना तो दाब फार वाढवावा लागेल, आणि त्या वेळी पुढच्या भागातलं रक्ताभिसरण अडखळेल. खऱ्या कोळ्यांतही थोड्या धावपळीनंतर दमणं दिसतं. त्यामुळे माझा सल्ला: जायंट स्पायडर पहिल्या दोन राउंडमध्ये भयानक वेगवान असावा आणि नंतर त्याला थांबावंच लागावं. दबा धरून झडप घालणारा प्राणी, पाठलाग करणारा नव्हे. जाळं विणायचं कारणही तेच होतं.

श्वासाचं गणित असं की ऑक्सिजन पेशीपर्यंत नुसता झिरपत जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो. दहापट अंतर, शंभरपट वेळ. कार्बनी युगात हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता, तेव्हा अडीच मीटर लांब आर्थ्रोप्ल्यूरा, म्हणजे घोणीसारखा अनेक पायांचा प्राणी, रांगत होता. आजचा जमिनीवरचा सर्वांत मोठा संधिपाद म्हणजे नारळ खेकडा, ४ किलोच्या आसपास. सर्वांत वजनदार कोळी, गोलायथ, २०० ग्रॅमचाही नसतो.

पण माझ्या मते खरी अडचण कात टाकण्याची. बाहेरचं कवच टाकल्यावर नवं कवच कडक होईपर्यंत प्राणी मऊ असतो. छोट्याला चालतं. चारशे किलोचा कोळी त्या अवस्थेत स्वतःच्या वजनाखाली चेपला जाईल. मग तो कुठे जाईल? पाण्यात! पाणी वजन तोलून धरतं. म्हणून माझ्या कोळ्यांच्या गुहेत खोल पाण्याचं कुंड असतं, काठावर जुन्या कातींचा खच, आणि वर्षातले काही दिवस असे की जेव्हा त्यांना मारणं शक्य असतं. एका गावानं पिढ्यान्पिढ्या ते दिवस लक्षात ठेवले आहेत, या एका कल्पनेवर माझी अख्खी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, उभी आहे.

गुहेतला_दिवा

शेवाळ, ही कात आणि कुंडाची कल्पना अप्रतिम आहे. मी म्हणत होतो ते हेच. मोठा कोळी ही जादू आपण मान्य केली, आणि पुढचं सगळं शरीरशास्त्रातून आलं.

कड्यावरचा

मी सह्याद्रीत पक्षी बघत फिरतो. ड्रॅगनबद्दल एक सांगतो. कड्यांवर राहणारी लांब चोचीची गिधाडं सकाळी ऊन चढेपर्यंत कड्यावर बसून असतात. जमीन तापून गरम हवेचे झोत वर यायला लागले की मग पंख न हलवता घिरट्या घेत चढतात. जड पक्ष्याला पंख मारत राहणं परवडत नाही. पोटभर खाल्लेल्या गिधाडाला सपाट जमिनीवरून उठायला धावत लांब जावं लागतं, कधी उठताच येत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड गटात आपला माळढोक येतो, नर सुमारे १५ किलो. सोलापूरजवळ नान्नजला ज्यांनी तो पूर्वी पाहिला ते भाग्यवान. त्याच्या शंभरपटीहून जड प्राण्याची तुम्ही गोष्ट करताय.

तर दिवा यांचा ड्रॅगन कड्यावर राहणार, कारण तिथून नुसतं खाली झेपावलं की वेग मिळतो. तो पहाटे उडणार नाही. ढगाळ, गार दिवशी टाळाटाळ करील. आणि सपाट मैदानात भरपेट खाऊन बसलेला ड्रॅगन हीच पार्टीची संधी.

शेवाळ

यात एक भर. टेरोसॉर, म्हणजे क्वेट्झालकोॲटलस ज्यांतला तो उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा गट, उड्डाण करताना चारही पायांवरून, मुख्यतः पुढच्या, म्हणजे पंखांच्याच बळावर उसळी घेत असावेत असं पुराजीवशास्त्रज्ञ मायकेल हबीब यांनी मांडलंय. पंखांचे मोठे स्नायू उसळीलाही कामाला येतात. त्या दृष्टीनं दोन पाय आणि दोन पंखांचा वायव्हर्न हा चार पाय आणि दोन पंखांच्या ड्रॅगनपेक्षा चांगला उडणारा प्राणी ठरतो. ड्रॅगन उडताना पुढचे पाय नुसते ओझं म्हणून वाहतो.

फुंकर

आगीचं काय? मी वाचलंय की ड्रॅगनच्या पोटात हायड्रोजन असतो, त्यानं तो हलकाही होतो आणि तोच पेटवतो.

गुहेतला_दिवा

कल्पना सुंदर आहे, गणितात मात्र टिकत नाही. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो. २ टन तोलायला सुमारे १८०० घनमीटर लागेल. तो गोळा १५ मीटर व्यासाचा. ड्रॅगन मग फुग्यासारखा दिसेल आणि वाऱ्याबरोबर जाईल.

वायू पेटवून फेकणंही अवघड, कारण वायू लगेच पसरतो. ताशी ८३ किलोमीटरनं पुढे जाताना तोंडातून वायूची ज्वाळा सोडली तर ती स्वतःच्याच डोळ्यांवर येईल. द्रव हवा. दुसऱ्या महायुद्धातला पाठीवरचा अमेरिकी फ्लेमथ्रोअर साधारण १८ लिटर इंधन घेऊन असायचा आणि ते दहा सेकंदांच्या आत संपायचं. लाल ड्रॅगनचा आगीचा झोत ६० फूट, म्हणजे १८ मीटर. काही लिटर चरबीसारख्या तेलाची ग्रंथी पुरेल. पेटवायचं कसं, तर बॉम्बार्डियर भुंगेरा हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका कोशात साठवतो, आणि ते दुसऱ्या कोशातल्या विकरांना (एन्झाइम) मिळाले की उकळता फवारा मारतो. ठिणगीची सोय निसर्गात अशी जवळपास आहे.

याचा खेळातला परिणाम: तेल चिकटतं. माझ्या ड्रॅगनची आग राउंड संपल्यावरही जळत राहते आणि पाण्यानं विझत नाही, वाळू टाकावी लागते.

उंबरठा

आता मला एक विचारायचंय. हे सगळं मान्य केलं तर हा ड्रॅगन खातो काय? २ टनांचा मांसाहारी एका खोऱ्यात जगेल का?

शेवाळ

उष्ण रक्ताचा धरला तर वजनावरून ऊर्जेची गरज काढणाऱ्या क्लायबर यांच्या सूत्रानं नुसतं पडून राहायला दिवसाला २१ हजार किलोकॅलरी, उडायला-शिकारीला धरून तिप्पट म्हणू. दिवसाला दोन-तीन बकऱ्या, वर्षाला हजारच्या आसपास. एका खोऱ्यातले कळप दोन-तीन वर्षांत संपतील. थंड रक्ताचा धरला तर गरज साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. कोमोडो ड्रॅगन एका जेवणात स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खातो आणि मग आठवडेच्या आठवडे त्याला काही लागत नाही. खजिन्यावर वर्षभर झोपणारा ड्रॅगन हा शरीरशास्त्राच्या दृष्टीनं सर्वांत पटणारा ड्रॅगन आहे.

उंबरठा

हे मी वापरणार. गाव दरवर्षी ठरलेल्या दिवशी कळप कड्याखाली नेऊन बांधतं, म्हणून तो पुन्हा झोपतो. माझा विरोध टेबलावरच्या वादाला आहे आणि तो राहील, पण हे तयारीच्या वहीत जाईल.

काँक्रीट_आणि_किमया

पडण्याचा नियमही बदला बरं का सगळ्यांनी. पुस्तकात दर १० फुटांना एक सहा बाजूंचा फासा, मग उंदीर असो की हत्ती. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या निबंधात दाखवलंय की उंदीर खाणीच्या खोल विवरात पडूनही वाचतो आणि घोड्याचा चेंदामेंदा होतो, कारण हवेचा अडथळा पृष्ठभागावर ठरतो आणि आघात वजनावर. (हेच हाल्डेन पुढे भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) माझ्याकडे लहान प्राण्याला चार बाजूंचा फासा, माणसाला सहा, घोड्याएवढ्याला आठ, जायंटला दहा, त्याहून मोठ्याला बारा. इवल्या प्राण्याला काहीच नाही. टेबलावर एकही गणित करावं लागत नाही.

फुंकर

शेवटचा प्रश्न. आमच्या खेळातल्या राज्यात हिप्पोग्रिफवर (अर्धा गरुड, अर्धा घोडा) बसून टेहळणी करणारं पथक आहे. ते चालेल का?

कड्यावरचा

हिप्पोग्रिफ क्वेट्झालकोॲटलसएवढा, २५० किलोचा धरा. चिलखतातला माणूस शंभर किलोचा. एकूण वजन १.४ पट, किमान वेग जवळपास २० टक्क्यांनी वाढला आणि चढायला लागणारी शक्ती त्याहून जास्त. कड्यावरून सुटेल, उन्हाच्या झोतांवर फिरेलही, पण मैदानात उतरला तर स्वारासकट परत उठणार नाही. हाफलिंग, म्हणजे खेळातल्या बुटक्या जमातीतलं कुणी, बसवा. पुस्तकात त्यांचं वजन ४० पौंड, म्हणजे १८ किलो. चिलखत नको, हातात फक्त शिंग आणि नकाशा. आणि पथकाचा तळ डोंगराच्या धारेवर, पूर्वेकडे तोंड केलेला, म्हणजे सकाळी ऊन लवकर लागेल.